पार्श्वभूमी : टेलिफोनच्या तारेवरून घरात आलेलं वायफाय

नागपुरात आज कुणी 'वायफाय लावलं' म्हणतं तेव्हा त्याला इंटरनेटचं कनेक्शन म्हणायचं असतं. वीस वर्षांपूर्वी या दोन वेगळ्या गोष्टी होत्या आणि दोन्हींचा खर्चही वेगळा होता. नेट टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून घरापर्यंत यायचं आणि तिथून पुढे वायफायचा डबा ते खोल्याखोल्यांत पोचवायचा. बिघाड बहुतेक वेळा तारेत असायचा, पण बदलला जायचा डबा. म्हणून ही हकीकत मुख्यतः तारेची आहे.

देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला खुलं झालं, तेही आधी महानगरांत. आपल्याकडे पोचलं ते डायल-अप. वेग फार तर ५६ केबीपीएस, कॉलचे पैसे वेगळे, आणि नेट चालू असेपर्यंत फोन एंगेज. ०७१२ च्या सहा आकडी नंबरांपुढे २ लागून ते सात आकडी झाले, त्या सुमाराची ही गोष्ट.

खरा बदल २००४-०५ च्या हिवाळ्यातला. १४ ऑक्टोबर २००४ ला केंद्र सरकारनं ब्रॉडबँड धोरण जाहीर केलं आणि डाउनलोडचा किमान वेग २५६ केबीपीएस असेल तर त्याला ब्रॉडबँड म्हणायचं, असं ठरवलं. (ही व्याख्या २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस झाली.) जानेवारी २००५ मध्ये सरकारी दूरसंचार कंपनीनं लँडलाइनवर ब्रॉडबँड द्यायला सुरुवात केली. त्याच महिन्यात, २८ तारखेला, वायफाय ज्यावर चालतं तो २.४ गिगाहर्ट्झचा लहरींचा पट्टा अधिसूचना काढून कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. घरात वायफाय लावायला कुणाची परवानगी लागत नाही, ते या अधिसूचनेमुळे. दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात झाल्या, पण त्यांची सांगड घराघरांत बसायला पुढची तीन-चार वर्षं गेली.

तारेवरचं गणित थोडक्यात असं. बोलण्याचा आवाज चार किलोहर्ट्झच्या आत मावतो. तांब्याची तार त्याच्या कितीतरी वर, एक मेगाहर्ट्झपर्यंत आणि पुढेही, संकेत नेऊ शकते. एडीएसएल या ब्रॉडबँडच्या तंत्रानं ही रिकामी जागा वापरली. रोझेटला (भिंतीवरच्या फोनच्या खोक्याला) लावलेली छोटी डबी, म्हणजे स्प्लिटर, फोन आणि मॉडेम वेगळे करायची. फोनवर बोलत असतानाही नेट चालतंय, हे पहिल्यांदा पाहिलेला माणूस ते विसरत नाही. अट एकच होती. एक्स्चेंजपासून तार जितकी लांब, तितका वेग कमी. तीन-चार किलोमीटरनंतर तो झपाट्यानं पडतो. आणि हे अंतर सरळ रेषेतलं नसतं, तार ज्या पिलरमधून (रस्त्याकडेच्या जोडपेटीतून) आणि ज्या डीपीतून (खांबावरच्या छोट्या जोडपेटीतून) वळसे घेत येते, ते सगळं त्यात धरायचं.

आता या काळातला सगळ्यात वादाचा निर्णय. त्याच्यावर आजही पुरेसं बोललं जात नाही.

एप्रिल २००४ मध्ये दूरसंचार नियामकानं (ट्राय) शिफारस केली होती की एक्स्चेंजपासून घरापर्यंतची तार इतर कंपन्यांनाही भाड्यानं वापरू द्यावी. तार एकाची, तिच्यावरून सेवा देणारे अनेक. युरोपीय संघानं डिसेंबर २००० मध्येच तसा नियम केला होता. आपल्या देशात तेव्हा सुमारे चार कोटी तारा घराघरांत जाऊन बसलेल्या होत्या आणि त्यांपैकी बहुतेक सरकारी कंपन्यांच्या होत्या. ऑक्टोबरच्या धोरणात सरकारनं ही सक्ती मान्य केली नाही. तारेच्या मालकानं हवं तर आपसात व्यापारी करार करावा, एवढ्यावर तो विषय थांबला.

विरोध करणाऱ्यांची बाजू हलकी नव्हती. तारा सरकारी पैशातून, अनेक दशकं खपून टाकलेल्या होत्या. खेड्यातली लाइन तोट्यात चालवायची ती सरकारी कंपनीनं, आणि धरमपेठ, रामदासपेठेतली चांगली गिऱ्हाइकं मात्र दुसऱ्यानं न्यायची, हे कर्मचाऱ्यांना मान्य होण्यासारखं नव्हतंच. उलट बाजू अशी की ज्या घरात तार एकाच कंपनीची, तिथे ग्राहकाला दुसरा पर्यायच उरला नाही. महिन्याचं डाउनलोड मोजून मिळायचं. पाचशे रुपयांच्या प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ एवढाच काळ मोकळा, त्यामुळे पोरं दोनचा गजर लावून उठायची. २०१० पर्यंत दोन कोटी ब्रॉडबँड ग्राहकांचं उद्दिष्ट होतं, तो आकडा निम्म्याच्या आसपास राहिला.

माझं मत शिफारशीच्या बाजूनं आहे, पण कारण वेगळं. या सगळ्या वादात तार ही मालमत्ता म्हणून मोजली गेली. ती कोणत्या अवस्थेत आहे, हे कुणी विचारलं नाही. दुसरी कंपनी भाडं भरणारी असती, तर भाड्यासोबत तारेची हमी मागितली असती. घरातला एकटा ग्राहक ती मागू शकत नव्हता.

अवस्था कशी होती, ते आमच्याच घरी पाहिलं. २००६ मध्ये त्रिमूर्ती नगरच्या घरी ब्रॉडबँड आलं, दोन वर्षांनी वायफायचा मॉडेम. पावसाळा लागला की त्याचा डीएसएलचा दिवा लुकलुकायचा आणि मी आज्ञाधारकपणे मॉडेमच्या सेटिंगचं पान (१९२.१६८.१.१) उघडून तिथले व्हीपीआय ०, व्हीसीआय ३५ हे जोडणीचे आकडे पुन्हा पुन्हा तपासायचो. दोन मॉडेम बदलले. शेवटी लाइनमनदादांनी खांबावरची डीपी उघडली, तर स्क्रूंवर हिरवा गंज चढलेला. "काकाजी, मॉडेम तर चांगला आहे. पाणी जॉइंटात जाऊन राहिलं," ते म्हणाले. चाकूनं तार खरवडली, आम्हाला दुसऱ्या पेअरवर (तारांच्या जोडीवर) टाकलं. मॉडेमच्या पानावर एसएनआर मार्जिन (गोंगाटापुढे संकेताची शिल्लक, जितकी जास्त तितकी लाइन चांगली) ७ डेसिबल दिसायचा, तो १९ झाला. दहा मिनिटांचं काम होतं, आणि त्याच्या तक्रारीला पाच आठवडे लागले होते.

घराच्या आतली अडचण खास आपल्याकडची. रोझेट बैठकीत, कारण फोन बैठकीत. मॉडेमही तिथेच. उन्हाळ्यात मधल्या खोलीच्या खिडकीत कूलर बसतो : पत्र्याचं अंग आणि पोटात पन्नास-साठ लिटर पाणी. धातू लहरी परतवतो आणि पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषतं. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये मागच्या खोलीत वायफायच्या दोन कांड्या कमी दिसायच्या. इलाज साधा होता, रोझेटपासून लांब फोनची वायर ओढून मॉडेम माळ्याच्या उंचीवर ठेवणं. मेघगर्जना सुरू झाली की तीच वायर काढून ठेवायची, हे मात्र पोर्ट जळल्यावर कळलं.

पासवर्डची सवय २००८ नंतरची. अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधी गेलेला ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून पाठवला गेल्याचं निघालं. फेब्रुवारी २००९ मध्ये वायफाय सुरक्षित ठेवण्याच्या सूचना निघाल्या. तोवर आमच्या लेआउटमध्ये निम्मी नेटवर्कं बिनकुलपाची होती.

पुढचं सगळं वेगानं घडलं. सिमेंटचे रस्ते झाले, २०१५ पासून मेट्रोची कामं सुरू झाली, आणि खोदकामात केबल तुटली की एकेका पिलरवरची शेकडो घरं डेड. सप्टेंबर २०१६ पासून ४जीचा डेटा महिनोन्‌महिने फुकट मिळाला, आणि लँडलाइन परत करायला लोकांच्या रांगा लागल्या. ३१ जानेवारी २०२० ला सरकारी कंपनीतले सुमारे ७८ हजार कर्मचारी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्तीवर गेले. दोन महिन्यांत टाळेबंदी लागली आणि ज्या घरांत अजून तांब्याची तार होती, तिथे ऑफिस, शाळा सगळं तिच्यावर आलं. कोणता जोड कोणत्या झाडामागच्या डीपीत आहे, हे डोक्यात असलेली माणसं तेव्हा घरी बसली होती. नकाशे होते, पण नकाशात गंज दिसत नाही.

आमच्याकडे २०२१ मध्ये फायबर आलं. नंबर तोच ठेवता आला. फोनची वायर रोझेटमधून काढून नव्या डब्याच्या मागच्या खाचेत लावली, डायल टोन आला. खांबापासून गच्चीपर्यंतची काळी ड्रॉप वायर अजून तशीच आहे. ती सोडवायला कुणी आलं नाही, आणि मीही तक्रार नोंदवली नाही.