सहभोजन (ग्रामीण विदर्भ)

सहभोजन (ग्रामीण विदर्भ) : एकत्र शिजवलेले अन्न जातिधर्माच्या वेगळ्या पंगती न मांडता एकत्र बसून खाणे. अस्पृश्यतानिवारणाचा एक मार्ग म्हणून विसाव्या शतकात ते पुढे आले. आज विदर्भातील खेड्यांत सप्त्याचा काला (हरिनाम सप्ताहाच्या शेवटी वाटला जाणारा कालवलेला प्रसाद), शिबिरे, वसतिगृहे आणि शाळा यांतून ते मुख्यतः मुलांच्या व तरुणांच्या वाट्याला येते.

उगम : याविषयी तीन मते आहेत. पहिले मत गोपाळकाल्याचे. ‘काला’ या शब्दाचे नाते ‘कालवणे’ या क्रियापदाशी लावतात, आणि त्याचे पौराणिक मूळ भागवताच्या दशम स्कंधातील, यमुनातीरी कृष्णाने सवंगड्यांसह केलेल्या वनभोजनात सांगतात. साऱ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्यावर कोणाचा घास कोणता हे उरत नाही, म्हणून काला हेच सहभोजन, असा हा युक्तिवाद आहे. तो जसाच्या तसा घेणे अवघड जाते. काल्याचा प्रसाद हातावर पडतो व उभ्या-उभ्या खाता येतो. त्यासाठी पंगत एक व्हावी लागत नाही. शिवाय ज्या पंढरपुरात काल्याची परंपरा एवढी जुनी, तेथील मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषणाला बसावे लागले.

दुसरे मत महानुभाव पंथाचे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे पंथाचे संस्थापक चक्रधर यांचे गुरू गोविंदप्रभू यांचे गाव. तेराव्या शतकातील त्यांच्या लीळांत (आठवणींत) गावकुसाबाहेरच्या लोकांशी त्यांचा सहज वावर दिसतो. चक्रधरांनीही आपल्या भिक्षूंना चारही वर्णांच्या घरी भिक्षा मागण्यास सांगितले. या चार वर्णांत वर्णबाह्य धरायचे की नाही, यावर दुमत आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे भिक्षेत भिक्षू सर्वांचे अन्न खातो, पण देणारी घरे एकमेकांकडे जेवत नाहीत.

तिसरे मत सहभोजनाचा उगम एकोणिसाव्या शतकातील सुधारणा चळवळीत पाहते. सुमारे १८४९ मध्ये मुंबईत निघालेल्या परमहंस सभेचे सभासद ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव आणि मुसलमानाच्या हातचे पाणी घेत, मात्र गुप्तपणे. सभासदांची यादी चोरीस गेल्यावर १८६०च्या सुमारास सभा मोडली. आजच्या अर्थाचे, ठरवून व उघडपणे केलेले सहभोजन याच धारेतून आले असावे. खेड्यातील त्याचे रूप मात्र काल्याने घडवले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

विदर्भातील वाटचाल : अमरावतीच्या अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर नोव्हेंबर १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली. पंजाबराव देशमुख या चळवळीत पुढे होते. त्यांनी अमरावतीत काढलेल्या श्रद्धानंद छात्रालयात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत व जेवत. १९ जुलै १९२८ रोजी जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर सर्वांना खुले केले. तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरी येथे गुरुकुंज आश्रम उभारला. तेथून गावोगाव गेलेल्या सामुदायिक प्रार्थनेत एका ओळीत बसण्याची सवय मुलांना लागली. ही ओळ पंगतीची पूर्वतयारीच होती.

सहभोजनाची मर्यादा सर्वांत स्पष्टपणे आंबेडकरांनी दाखवली. १९३६च्या ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या छापील, प्रत्यक्षात न दिलेल्या भाषणात त्यांनी सहभोजनाने जातिभावना मरत नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाह, असे प्रतिपादन केले. १४ ऑक्टोबर १९५६च्या नागपूर येथील धम्मदीक्षेनंतर तर उपकार म्हणून मिळणारे पानच अनेकांना नकोसे झाले. बुद्धपौर्णिमेचे खीरदान आणि १४ एप्रिलचे जेवण यांमुळे आवतण देणारा हात बदलला. बौद्ध वस्तीने साऱ्या गावाला चूलबंद आवतण (घरी चूल पेटू नये असे सगळ्या घराचे आमंत्रण) द्यावे आणि गावाने यावे, ही या प्रथेची खरी कसोटी होय. मुले येतात, वडीलधारी मंडळी पुष्कळदा ‘तब्येत बरी नाही’ म्हणून घरी राहतात. दर्ग्याच्या कंदुरीला (नवसाच्या जेवणाला) मात्र हिंदू घरेही जातात.

जात व वंश : पंगतीआड येणारा जातिभेद वंशभेदात मोडतो का, हा प्रश्न आंतरराष्ट्रीय पातळीवरही आला आहे. सर्व प्रकारच्या वंशभेदाच्या निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार १९६५ मध्ये संमत झाला. भारताने तो १९६८ मध्ये अनुसमर्थित केला. कराराच्या पहिल्या अनुच्छेदात वर्ण (कातडीचा रंग) व वंश यांबरोबर ‘जन्मकुळ’ हाही भेदाचा आधार सांगितला आहे. त्यात जात येते, असे कराराच्या समितीने २००२ मध्ये स्पष्ट केले. भारत सरकारला ते मान्य नाही. जाती म्हणजे वेगवेगळे वंश नव्हेत, हे आंबेडकरांचेही मत होते, पण त्यावरून करार जातीला लागू नाही असा निष्कर्ष निघत नाही. पूर्वग्रह दूर करण्यासाठी शिक्षणाचा वापर करावा, हे सातव्या अनुच्छेदातील बंधन तरुणांच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे.

तरुणांमधील रूप : राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये सुरू झाली. तिच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरात विद्यार्थी दत्तक गावी, बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेत मुक्काम करतात आणि पाळीपाळीने स्वयंपाक करतात. पहिल्या दिवशी आपापल्या गावचे, म्हणजे बरेचदा आपापल्या जातीचे, घोळके वेगळे बसतात. पाळ्या लावल्या की ते फुटतात. भाकरी थापण्याचे काम मुलींकडेच राहते, हा दोष अजून गेलेला नाही.

एका पंगतीत बसणे सोपे. शिजवणारे व वाढणारे हात कोणाचे, हा अवघड भाग. गावजेवणात आलू-वांग्याच्या भाजीची बादली घेऊन पंगतीत फिरणारे वाढपी बहुतेक तरुण असतात. बादली कोणाच्या हाती द्यायची आणि कोणाला नुसत्या पत्रावळ्या उचलायला लावायचे, हे ठरवताना जात अजूनही आड येते. शाळेत हाच प्रश्न स्वयंपाकीणबाईंच्या नेमणुकीपाशी येतो. माध्यान्ह भोजनासाठी स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमातींना प्राधान्य द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ रोजी दिला.