पावती फाटते, परवाना मिळत नाही

‘अतिक्रमणची गाडी आली’ असं कुणी ओरडलं की भाजीवाला पाल गुंडाळून बोळात शिरतो. भजीवाल्याला ते जमत नाही. पेटती शेगडी, सिलिंडर, उकळत्या तेलाची कढई घेऊन पळणार कुठे? म्हणून सोलापुरात पार्क चौक असो की सात रस्ता, खाण्याचा गाडा आधी सापडतो, आणि नगरसेवकाला फोन लावायची पाळीही गाडेवाल्यावरच जास्त येते. परवान्याचं राजकारण या फोनवर चालतं.

सोलापूरची महापालिका १९६४ ची. रस्त्यावर विकायला मांडलेला माल नोटीस न देता उचलायचा अधिकार कायद्याने आयुक्तांना आहे. दुसरीकडे भुईभाड्याची पावतीही फाटते. पावती म्हणजे पैसे भरल्याचा पुरावा, बसण्याचा हक्क नव्हे. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या. कमी भांडवलात उभा राहणारा धंदा म्हणून गाडा अनेकांना जवळचा वाटला, यात नवल नाही.

पदपथावर धंदा करणं हा मूलभूत हक्क आहे, पण अमुकच जागेचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सोदान सिंग खटल्यात म्हटलं. २००३ मध्ये मुंबईच्या फेरीवाल्यांसाठी अटी ठरल्या, त्यात रस्त्यावर काहीही शिजवायला मनाई होती. वडापावच्या मुंबईत!

२०१४ च्या पथविक्रेता कायद्याने चित्र पालटायला हवं होतं. आधी सर्वेक्षण, मग विक्रीचं प्रमाणपत्र, तोवर कुणाला हटवायचं नाही. नगर पथविक्रेता समितीचे अध्यक्ष आयुक्त, पण ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले, त्यांत एक तृतीयांश महिला. सामावून घ्यायची मर्यादा लोकसंख्येच्या अडीच टक्के. २०११ च्या जनगणनेतले सोलापूरचे साडेनऊ लाख धरले तर हा आकडा पावणेचोवीस हजारांच्या आसपास जातो. म्हणजे कायद्याने हात आखडता घेतलेला नाही. खरी ओढाताण सर्वेक्षणाच्या यादीत नाव कुणाचं लागतं आणि फेरीवाला क्षेत्र कुठल्या रस्त्यावर पडतं, यावरून असते. गिऱ्हाईक नसलेल्या मैदानात हक्काची जागा मिळून भजीवाल्याने करायचं काय?

अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी वेगळीच. छोट्या विक्रेत्याला ती वर्षाला १०० रुपयांत मिळत असे, पण तिने जागा मिळत नाही. २०२० मध्ये फेरीवाल्यांसाठीच्या पंतप्रधान स्वनिधी योजनेतून १० हजारांचं कर्ज आलं, तेव्हा प्रमाणपत्र नसलेल्यांसाठी पालिकेच्या शिफारसपत्राची सोय करावी लागली. पथविक्रेता कायद्याला तेव्हा सहा वर्षं उलटून गेली होती.