गोल व्हायच्या तीन सेकंद आधी

परवा कॅनडात मिसिसागाला ताईकडे हॉकीची मॅच लावली होती, आणि जेवायला आलेले एक काका टीव्हीवरच्या चर्चेतल्या एका पोराबद्दल म्हणाले, "ह्याला ड्राफ्टमध्ये घेऊन चार वर्षं झाली, अजून खालच्या लीगमध्येच आहे, वाया गेला बघ." भरल्या ताटावर वाद नको म्हणून मी गप्प बसलो, पण ते डोक्यातून जाईना, कारण तो पोरगा डिफेन्समन आहे आणि डिफेन्समनच्या हिशेबात चार वर्षं म्हणजे काहीच नाही.

आपल्याकडे हॉकी म्हटलं की खडकीचा धनराज पिल्ले आठवतो, इथे मी बोलतोय ते बर्फावरच्या हॉकीबद्दल. गोलकीपर सोडून पाच जण मैदानात, त्यातले साधारणपणे तीन फॉरवर्ड आणि दोन डिफेन्समन. एनएचएलमध्ये, म्हणजे इथल्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये, ३२ टीम आहेत आणि मॅचला प्रत्येक टीम शक्यतो सहाच डिफेन्समन उतरवते, म्हणजे सगळ्या टीम एकाच दिवशी खेळल्या तरी जागा १९२. पोरांना ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तेव्हा, घेतात साधारण अठराव्या वर्षी, आणि जो लगेच तयार नसतो तो परत ज्युनियरला किंवा कॉलेजला आणि मग अमेरिकन हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलच्या एक पायरी खाली. काका ज्याला वाया जाणं म्हणतात ते हेच.

आता तीन नावं बघा. स्वीडनचा निकलस लिडस्ट्रॉम, १९८९ च्या ड्राफ्टमध्ये ५३ वा. डंकन कीथ, २००२ मध्ये ५४ वा. स्लोव्हाकियाचा सहा फूट नऊ इंचांचा झ्डेनो चारा, १९९६ मध्ये ५६ वा. वर्षातल्या सगळ्यात भारी डिफेन्समनला मिळते ती नॉरिस ट्रॉफी लिडस्ट्रॉमला पहिल्यांदा मिळाली २००१ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, आणि त्यानंतर अजून सहा वेळा. चाराला २००९ मध्ये, वय ३२. कीथ तर ड्राफ्टनंतर दोन अख्खे सीझन व्हर्जिनियातल्या नॉरफोकला खालच्या लीगमध्ये खेळला, २००५ मध्ये शिकागोकडून वर आला, आणि २०१० मध्ये नॉरिस आणि स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, दोन्ही. ही तीन नावं मी निवडून काढलीत हे खरंय, त्यांच्या मागेपुढे घेतलेली बरीच पोरं पुढे कुणाला आठवतही नाहीत. पण हे तिघं अठरा-एकोणिसाव्या वर्षी असे दिसत नव्हते, हे तर खरंच ना, नाहीतर पन्नास जणांना आधी कोण घेईल?

मग मधल्या वर्षांत होतं काय? ताकद वाढते, वजन वाढतं, ते आहेच. पण मला ज्या गोष्टीचं वेड लागलंय ती वेगळी आहे. लोकांना वाटतं की चांगल्या खेळाडूचे रिफ्लेक्स आपल्यापेक्षा फास्ट असतात. तसं फारसं नसतं. १९८७ मध्ये मानसशास्त्रज्ञ पीटर मॅक्लाउड यांनी एक सुंदर प्रयोग केला, चटईच्या पिचखाली लाकडी दांड्या ठेवल्या म्हणजे चेंडू टप्पा पडल्यावर कसाही वळणार, आणि त्यावर आंतरराष्ट्रीय क्रिकेटर्सना बॅटिंग करायला लावली. चेंडू वळलेला दिसल्यापासून बॅटची दिशा बदलायला त्यांनाही साधारण ०.२ सेकंद लागलेच, म्हणजे तुमच्याआमच्याइतकेच. मोठा बॅट्समन वेळेत पोचतो कारण चेंडू कुठे येणार हे त्याला बॉलरच्या हातावरून आधीच कळलेलं असतं, आणि दांड्यांनी नेमकं तेच काढून घेतलं होतं.

हे ०.२ सेकंद बर्फावर आणून बघा. समोरून फॉरवर्ड येतोय सेकंदाला ९ मीटरनं, म्हणजे ताशी ३२ किलोमीटर. डिफेन्समन जागेवर उभा असेल तर त्याच्या मेंदूला काही कळेपर्यंत फॉरवर्ड १.८ मीटर पुढे आलेला असतो, आणि स्टिकचा दांडा नियमानं सहसा जास्तीत जास्त ६३ इंच, म्हणजे १.६ मीटर. संपलं. म्हणून डिफेन्समन उलटा पळतो. तो सेकंदाला ६ मीटरनं मागे जात असेल तर दोघांमधलं अंतर सेकंदाला फक्त ३ मीटरनं कमी होतं, ०.२ सेकंदात ६० सेंटिमीटर, आणि तेवढं हाताच्या टप्प्यात बसतं. ह्या अंतराला गॅप म्हणतात आणि कोच दिवसभर त्यावरूनच ओरडत असतात. गॅप फार ठेवला तर फॉरवर्डला निवांत शॉट मिळतो, कमी ठेवला तर तो बाजूनं निघून जातो.

माझा भाचा सोळा वर्षांचा आहे आणि डिफेन्सला खेळतो, सकाळी सहाच्या प्रॅक्टिसला मी काचेमागे उभा राहून त्याचे पायच बघतो. उलटं जाताना प्रत्येक पाय बर्फावर इंग्रजी सी सारखा चंद्रकोरीचा ओरखडा काढतो, खर्र असा आवाज येतो आणि पांढरा भुगा उडतो. कोच सांगतो, पककडे, म्हणजे चेंडूऐवजी असते त्या रबरी चकतीकडे, बघू नकोस, छातीकडे बघ. ह्यामागे सरळ फिजिक्स आहे. पक हातानं कसाही नाचवता येतो, पण अख्खं शरीर त्या वेगात वळवायचं तर आधी कलायला लागतं आणि ब्लेडची कड बर्फात रुतवायला लागते, त्याला पर्यायच नाही. हात फसवू शकतात, धड सहसा नाही.

पण हे माहीत असणं वेगळं आणि पायांना माहीत असणं वेगळं. तिथे येतो अनुमस्तिष्क, शाळेत शिकलो तो लहान मेंदू. लहान म्हणतात पण मेंदूतल्या अंदाजे ८६ अब्ज चेतापेशींपैकी सुमारे ६९ अब्ज एकट्या तिथे आहेत. तिथे पुर्किंये नावाच्या पेशी असतात, पंख्यासारख्या पसरलेल्या, आणि एकेका पेशीला लाखाच्या वर बारीक समांतर तंतू येऊन जोडलेले असतात. हे तंतू सांगतात की आत्ता काय चाललंय, आपला वेग किती, समोरच्याचा खांदा कुठे, आपला डावा गुडघा किती वाकलाय. आणि त्याच पेशीला वेलीसारखा गुंडाळत चढलेला फक्त एक तंतू येतो, क्लायम्बिंग फायबर, जो सेकंदाला साधारण एकदाच बोलतो, पण बोलला की पेशी हादरते. १९६९ मध्ये डेव्हिड मार आणि १९७१ मध्ये जेम्स अल्बस यांनी मांडलं की हा तंतू शिक्षक आहे, आणि आज बहुतेक जण मानतात की तो ओरडून सांगतो, "चुकलं!" तो ओरडला की त्याच्या किंचित आधी जे समांतर तंतू बोलत होते त्यांचे जोड कमजोर होतात, आणि हे कमजोर होणं पुढे मासाओ इतो यांनी प्रयोगात दाखवलं. पुर्किंये पेशीचं काम पुढच्या पेशींना दाबून ठेवणं, म्हणून तिचा आवाज कमी झाला की पुढच्या पेशी मोकळ्या होतात आणि पुढच्या वेळी हालचाल किंचित वेगळी येते. दाबणाऱ्याला दाबलं की सुटका, असा उलटा हिशेब आहे, दोनदा वाचावा लागेल पण वाचाच.

ह्यातलं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे शब्द म्हणजे "किंचित आधी". ही शिकवणी काम करते ती साधारण काहीशे मिलिसेकंदांच्या खिडकीत. फॉरवर्डचा शॉट बाहेर गेला तर चूक आणि परिणाम ह्यात जेमतेम अर्धा सेकंद, शिकवणी लगेच. डिफेन्समनचं तसं नाही हो! तो ब्लू लाइनवर, म्हणजे आपल्या गोलच्या बाजूचा भाग जिथे सुरू होतो त्या रेषेवर, एक पाऊल उगाच पुढे येतो, मग पास जातो, मग दुसरा पास, जोडीदार त्याची जागा झाकायला सरकतो, आणि तीन-चार सेकंदांनी गोल होतो तेव्हा पकजवळ भलताच कुणीतरी असतो. क्लायम्बिंग फायबरला ह्या पावलाचा पत्ताच लागत नाही. उलट कित्येकदा तेच चुकीचं पाऊल पचून जातं, कारण गोलकीपर अडवतो. म्हणजे उत्तरपत्रिका उशिरा तपासली जाते आणि मार्कही चुकीचे पडतात. असं शिक्षण हळूच होणार, त्यात पोराचा दोष काय?

वर पायरी बदलली की जुनं शिकलेलं अंगावर येतं. ज्युनियरला जो गॅप बरोबर होता तो तिथल्या पोरांच्या वेगाला जुळवलेला असतो, मोठ्यांच्यात आल्यावर तोच अंदाज प्रत्येक वेळी पाऊलभर चुकतो. युरोपातून येणाऱ्यांचं अजून वेगळं, तिकडचं पारंपरिक रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, ३० मीटर रुंद आणि एनएचएलचं २६, म्हणजे चार मीटरनं अरुंद आणि सगळे कोन नव्याने शिकायचे. म्हणून टीम पोराला खाली पाठवते. शिफ्ट, म्हणजे बर्फावर उतरल्यापासून परत बाकावर येईपर्यंतची एक पाळी, साधारण ४५ सेकंदांची धरा, खालच्या लीगमध्ये दर मॅचला २२ मिनिटं मिळाली तर २९ शिफ्ट होतात, वर तिसऱ्या जोडीत १२ मिनिटं मिळाली तर १६, आणि न खेळवता सूट घालून वर पत्रकारांच्या प्रेस बॉक्समध्ये बसवलं तर शून्य. कीथचे नॉरफोकचे दोन सीझन मला तरी शिक्षा वाटत नाहीत.

एक जाता जाता. कॅनडात चांगल्या हॉकीपटूंमध्ये जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेले जास्त सापडतात, १९८० च्या दशकात रॉजर बार्नस्ली यांनी हे दाखवलं. ताईच्या ओळखीच्या एकांनी ह्यावरून पोराची पत्रिकाच काढायला घेतली. ग्रहांचा काही संबंध नाही! इथे लहान मुलांचे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात, म्हणून जानेवारीचा पोरगा डिसेंबरच्या पोरापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठा, उंच, आणि कोचला तो "हुशार" वाटतो. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये वयोगट १ सप्टेंबरपासून मोजतात तर तिथे सप्टेंबरवाले जास्त निघतात. गुरू-शनी सोडा, फॉर्मवरची तारीख बघा. आणि ज्यांना डोळ्यांवर लुकलुकणारे चष्मे लावून "महिन्यात रिफ्लेक्स दुप्पट" असं विकलं जातंय त्यांनी पैसे वाचवावेत, मॅक्लाउड यांच्या दांड्या आठवाव्यात.

तीन सेकंदांपूर्वीची चूक लहान मेंदूला दिसत नाही तर मग ती शिकायची कशी? मोठ्या मेंदूनं, मुद्दाम, परत परत बघून. म्हणून टीममध्ये व्हिडिओ कोच असतात. काका गेल्यावर भाचा ओट्याशेजारी आयपॅड घेऊन बसला होता, शनिवारच्या मॅचमधला त्याच्यावर झालेला गोल लावून. मी म्हटलं, इथे तुझी स्टिक उचललेली आहे बघ. तो म्हणाला, "नाही मामा, थांब," आणि बोटानं क्लिप मागे नेली, स्टिकच्या आधी, पासच्या आधी, त्याच्याही मागच्या पासच्या आधी, जिथे स्क्रीनवर अजून काहीच घडत नव्हतं आणि तो ब्लू लाइनवर नुसता उभा होता, एक पाय पुढे टाकलेला. "इथे," म्हणाला, आणि परत पहिल्यापासून लावली.