फील्ड गाइड आणि हँडबुक: पक्ष्यांची दोन पुस्तकं, दोन वेगळी कामं

भारतातल्या पक्ष्यांवर 'एकच चांगलं पुस्तक सांगा' असं विचारलं की कुणी ग्रिमेट आणि इन्स्किप दांपत्याचं फील्ड गाइड सुचवतं, तर कुणी सालिम अली आणि डिलन रिप्ली यांचं दहा खंडांचं हँडबुक. दोन्ही सल्ले चुकीचे नाहीत. गडबड होते ती एक छोटं आणि दुसरं मोठं, काम मात्र तेच, असं समजल्याने. फील्ड गाइड पक्ष्याला त्याच्यासारख्या दिसणाऱ्यांच्या शेजारी बसवतं आणि 'हा कोणता?' एवढाच प्रश्न सोडवतं. हँडबुक सुरूच होतं ते तुम्हाला नाव ठाऊक आहे असं धरून.

पिंगळा आणि रानपिंगळा ही दोन छोटी घुबडं घ्या. पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, ठिपके असलेच तर पुसट. छातीवर बराचसा सलग तपकिरी रंग, पोटाचा मध्य पांढरा, शेपटीवर रुंद पट्टे, नख्या आणि चोच दणकट. फील्ड गाइड एवढंच सांगून थांबतं आणि समोर चित्र देतं. सातपुड्यात भर दिवसा फांदीवर बसलेला पिंगळा दुर्बिणीत आला, तर याहून जास्त वाचायला तो वेळ देत नाही.

हँडबुकमधली नोंद वेगळ्या क्रमाने जाते: आकार, दिसण्याच्या खुणा, आढळ आणि अधिवास, सवयी, खाद्य, आवाज, वीण, आणि शेवटी संग्रहालयातल्या नमुन्यांवरून करायची ओळख, मिलिमीटरमधली मापं, डोळे-चोच-पायांचे रंग. आकार ओळखीच्या पक्ष्यांवरून दिलेला असतो. 'मैना +' म्हणजे मैनेपेक्षा थोडा मोठा, 'बुलबुल –' म्हणजे बुलबुलाहून थोडा लहान. ही पद्धत आजही कुठल्याही सेंटिमीटरपेक्षा कामाची आहे, कारण झाडावरच्या पक्ष्याला पट्टी लावता येत नाही. नवा वाचक अडकतो तो मापांच्या तक्त्यात. पंखाची किंवा घोट्याची लांबी ही हातात घेतलेल्या पक्ष्यासाठी असते: अभ्यासासाठी पायात ओळखीची कडी घालताना, किंवा मेलेला पक्षी सापडला तर. दुर्बिणीतून बघणाऱ्याने तो भाग खुशाल सोडावा. वीण आणि खाद्य हे भाग मात्र सावकाश वाचावेत. हँडबुकचं खरं धन तिथे आहे. घरटं दिसलं पण पक्षी नाही, किंवा अवेळी पिल्लं दिसली, तर फील्ड गाइडकडे त्यावर उत्तर नसतं.

फील्ड गाइड वापरताना होणारी नेहमीची चूक म्हणजे पानं उलटत जाऊन सगळ्यात जवळचं दिसणारं चित्र पकडणं. चित्र जुळलं की नकाशा, ऋतू, अधिवास आणि शेजारची सारखी जात, या चारही गोष्टी बघितल्याशिवाय नाव लिहू नये. एका पानावरची चित्रं बहुधा एकाच प्रमाणात काढलेली असतात, पण वेगवेगळ्या पानांवरच्या चित्रांची तुलना आकारासाठी करू नये. पिसारा बदलतो हेही विसरलं जातं. विणीनंतर जांभळ्या शिंजिराचा नर मादीसारखा फिका होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा उरतो. फक्त चकचकीत नराचं चित्र पाहिलेला माणूस इथे हमखास फसतो. निवडक जातींच्या पुस्तकात आणखी एक सापळा असतो: तुमचा पक्षी त्यात नसेलच, तर तुम्ही असलेल्यांपैकी कुणाचं तरी नाव त्याला देऊन मोकळे होता.

नकाशांबद्दल थोडं. तीन सेंटिमीटरच्या नकाशात सगळा उपखंड बसवला की एक मिलिमीटर म्हणजे साधारण 100 किलोमीटर. पुणे आणि महाबळेश्वर एकाच ठिपक्यात जातात, घाटमाथा आणि देश यांतला फरक नाहीसा होतो. तो फरक हँडबुकच्या आढळाच्या परिच्छेदात शोधावा.

पण हँडबुक 1968 ते 1974 या काळातलं आहे, हे लक्षात ठेवूनच ते उघडावं. जातींच्या सीमा तेव्हापासून बऱ्याच हलल्या आहेत. गोव्याचा राज्यपक्षी असलेला लाल गळ्याचा पिवळा बुलबुल आज स्वतंत्र जात आहे. हँडबुकमध्ये तो पिक्नोनोटस मेलॅनिक्टेरस या जातीची 'गुलॅरिस' ही उपजात म्हणून सापडतो. पश्चिम घाटातली पांढऱ्या डोक्याची मैनाही तशीच 'ब्लायथाय' या उपजातीच्या नावाखाली दडलेली आहे. म्हणून आजचं इंग्रजी नाव सूचीत सापडलं नाही तर शास्त्रीय नावाचा शेवटचा शब्द शोधायचा. हँडबुकमध्ये उपजातींना स्वतंत्र नोंदी आहेत, त्यामुळे नवी जात बहुतेक वेळा जुन्या उपजातीत मिळतेच.

जुन्या मजकुराचा दुसरा धोका जास्त गंभीर. रानपिंगळ्याचा अखेरचा अस्सल नमुना 1884 मधला. त्यानंतर गुजरातमधल्या मांडवीचा, 1914 असं लेबल असलेला एक नमुना रिचर्ड माइनर्टझागेन या ब्रिटिश पक्षी-संग्राहकाकडे होता. प्रत्यक्षात तो खानदेशात जेम्स डेव्हिडसन या दुसऱ्याच संग्राहकाने जमवलेला नमुना होता. चोरून, नवं लेबल लावून ठेवलेला. हँडबुक लिहिलं गेलं तेव्हा ही लबाडी उघड झाली नव्हती. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती उकलली, खऱ्या नमुन्यांच्या जागांवर भर दिला, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ, आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, पक्षी पुन्हा सापडला. पक्ष्याच्या शास्त्रीय नावाचा पहिला शब्दही मधल्या काळात अथेनेचा हेटेरोग्लॉक्स आणि पुन्हा अथेने झाला आहे, तेव्हा जुनी-नवी पुस्तकं ताडताना शेवटच्या 'ब्लेविटाय' या शब्दावरच बोट ठेवावं.

रासमुसेन आणि जॉन अँडर्टन यांच्या 2005 च्या 'रिप्ली गाइड'ने दोन्ही कामं दोन खंडांत वाटून घेतली. पहिला खंड चित्रं आणि नकाशांचा, सोबत न्यायचा. दुसरा मापं, स्थिती आणि आवाजांच्या आलेखांचा, घरी ठेवायचा. शंकास्पद नोंदी त्यात कडकपणे तपासल्या आहेत. नवशिक्याला मात्र त्याचा मजकूर जड जातो; सुरुवात ग्रिमेट-इन्स्किपच्या खिशात मावणाऱ्या आवृत्तीनेच करावी.

हँडबुक आधी वाचनालयात बसून चाळावं. 1983 ची एका खंडातली आवृत्ती स्वस्त पडू शकते, पण मूळ पानं लहान करून छापल्याने अक्षर फार बारीक आहे. जुन्या पुस्तकांच्या दुकानात सुटे खंड मिळाले तर घुबडांसाठी तिसरा आणि बुलबुल-सातभाईंसाठी सहावा आधी उचलावा. रंगीत पानं कुणी कापून नेलेली नाहीत ना, हे पैसे देण्याआधी बघावं.