नस स्नायूला वायरसारखी जोडलेली नसते हो!

नाशिकमधल्या कॉलेज रोडची जिम असो की गंगापूर रोडचा जॉगिंग ट्रॅक, कोणीतरी ठासून सांगतंच की मेंदूकडून आलेली नस वायरसारखी थेट स्नायूत जोडलेली असते, करंट आला की स्नायू आखडतो. असं काही नाहीये. दोघांमध्ये चक्क फट असते, साधारण ५० नॅनोमीटरची, करंट अलीकडेच थांबतो, मग नसेच्या टोकातल्या बारीक पिशव्यांमधून ॲसिटिलकोलिन नावाचं केमिकल बाहेर पडतं, ते पलीकडे स्नायूवर असलेल्या रिसेप्टरला, म्हणजे ते केमिकल पकडणाऱ्या प्रोटीनला, चिकटतं आणि स्नायूत नवा करंट तयार होतो.

बरं, ही जोडणी एकट्या नसेचं काम नाही. गर्भात नस ॲग्रिन नावाचं प्रोटीन सोडते, त्यामुळे स्नायूवरचं मस्क (MuSK) नावाचं प्रोटीन जागं होतं आणि रिसेप्टर एका जागी गोळा होतात. पण गंमत म्हणजे नस पोचायच्या आधीच स्नायूने मधल्या भागात थोडे रिसेप्टर जमवलेले असतात.

पटत नसेल तर पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरीकडच्या साप चावण्याच्या केसेस आठवा. नागाचं विष रिसेप्टरच अडवतं, मण्यारीचं नसेचं टोक खराब करतं. स्नायू धडधाकट, तरी आधी पापण्या मिटायला लागतात, मग श्वास अडकतो. अशा वेळी मालिश आणि मांत्रिक सोडा, थेट सिव्हिल हॉस्पिटलला न्या, व्हेंटिलेटर लागू शकतो.