उर्दू छावणीत जन्मली का?

वर्षानुवर्षे फिरणारा मेसेज असा: ‘उर्दू म्हणजे लष्कर. मुघल छावणीत सैनिकांच्या बोलींची सरमिसळ होऊन ही भाषा तयार झाली.’

शब्द तुर्की कुळातला, हे खरंच. पण जुन्या तुर्कीत ‘ओर्दू’ म्हणजे खानाचा तळ, त्याचं निवासस्थान. मंगोलियातल्या क्युल तेगिन या तुर्क राजपुत्राच्या शिलालेखात (इ.स. ७३२) शत्रू ओर्दूवर चालून येतो, तेव्हा तिथे राजघराण्यातल्या आया-बहिणी राहत आहेत. पुढे तुर्कस्तानात याच शब्दाचा अर्थ सैन्य झाला, मंगोल भाषेत राजवाडा, आणि इंग्रजीत पोचेपर्यंत ‘होर्ड’, म्हणजे झुंड! दिल्लीच्या शाहजहानाबादला, म्हणजे शाहजहानने वसवलेल्या राजधानीला, ‘उर्दू-ए-मुअल्ला’ (श्रेष्ठ तळ) म्हणत. भाषेला हे नाव तिथून, तेही अठराव्या शतकात उशिरा, मिळालं. आधीची नावं हिंदवी, रेख्ता.

भाषा नावाहून बरीच जुनी. पडताळा घरबसल्या घेता येतो. कुठलंही उर्दू वाक्य घ्या आणि फारसी-अरबी नामं बाजूला काढा. ‘मैं’, ‘तू’, ‘का’, ‘से’, ‘आना’, ‘करना’ उरतात. हा सांगाडा दिल्लीभोवतीच्या खडीबोलीचा. (तुर्की शब्द मोजकेच, ‘कैंची’ त्यांतलाच, आपली कैचीही.) शिवाय शाहजहानाबादची पायाभरणी १६३९ ची. गोवळकोंड्याचा मुहम्मद कुली कुत्बशहा १६१२ मध्ये वारला, आणि तो उर्दूच्याच दखनी (दख्खनमधल्या) बहिणीत भरभरून कविता लिहून गेला होता.