शेंगापोळी म्हणजे दाण्याची गुळपोळी नव्हे

सोलापूरला येणारी बरीच पाहुणेमंडळी देवदर्शनाच्या वाटेवरची असतात. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर असा फेरा, मध्ये सोलापुरात मुक्काम, आणि निघता निघता प्रश्न, ‘इथली सगळ्यात चांगली शेंगापोळी कुठे मिळेल?’ शेंगापोळी म्हणजे भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट आणि गूळ भरलेली पोळी. प्रश्न रास्त आहे. पण पोळी हातात पडली आणि पहिला तुकडा मोडला की पुढचं वाक्यही ठरलेलं असतं. ‘छान आहे, पण आमच्या गुळपोळीसारखी कुरकुरीत नाही.’ नाहीतर, ‘गूळ जरा कमीच पडलाय.’

शेंगापोळीला गुळपोळीची फूटपट्टी लावली तर सोलापुरातली उत्तमातली उत्तम पोळीही नापास होते. आणि त्या फूटपट्टीवर पास होते ती बहुतेक वेळा दाण्याचा कूट जास्त घातलेली गुळपोळी असते. मग तीच ‘सोलापूरची अस्सल’ म्हणून पुण्या-मुंबईपर्यंत सांगितली जाते. हे ऐकून कान किटले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

गुळपोळी सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे थोडक्यात. मऊ पिवळा गूळ किसायचा, त्यात भाजलेल्या तिळाचा कूट, थोडी खसखस, खोबरं, तेलावर खमंग भाजलेलं बेसन, वेलची-जायफळ. गुठळी राहू न देता मळायचं. कडकडीत तेलाचं मोहन घातलेल्या कणकेच्या दोन लाट्यांमध्ये गुळाची एक लाटी ठेवायची, कडा दाबायच्या, गूळ काठापर्यंत जाईल अशी लाटायची, कातण्याने कापायची आणि भाजायची. चिक्कीचा गूळ वापरायचा नाही, नाहीतर पोळी दाताने तुटत नाही. एवढं घरोघरी ठाऊक असतं.

काही फरक वरवरचे आहेत. गुळपोळीत तीळ, शेंगापोळीत शेंगदाणे, हे तर नावातच आहे, आणि त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. कित्येक गुळपोळ्यांत दाण्याचा कूट असतो, कित्येक शेंगापोळ्यांत मूठभर तीळ असतात. कणकेत मैदा किती, बारीक रवा घालायचा का, हे घराघरावर आहे. आकाराचंही तसंच. यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

खरा फरक सारणात मुख्य कोण आणि कोणाला कोण धरून ठेवतं, यात आहे. गुळपोळीत निम्म्याहून जास्त गूळच असतो. तीळ, बेसन, खोबरं हे सगळं त्या गुळाला चव आणि आधार द्यायला. तव्यावर आच लागली की गूळ वितळतो, दोन्ही बाजूंच्या कणकेत मुरतो, आणि पोळी गार झाली की पुन्हा घट्ट होतो. गुळपोळी कुरकुरीत लागते ती यामुळे. म्हणूनच ती गारच खायची असते, आणि गुठळी राहिली तर त्याच जागी पोळी फुटून गूळ तव्याला चिकटतो. बेसन घालतात तेही वितळलेला गूळ वाहू नये म्हणून.

शेंगापोळीत हे उलटं आहे. दोन वाट्या कुटाला वाटी-सव्वा वाटी गूळ, म्हणजे मुख्य माल शेंगदाणाच. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं. मंद आचेवर भाजून, सालं पाखडून, गुळाबरोबर कुटला की त्याचं तेल किंचित सुटतं आणि सारण मुठीत वळण्याइतकं ओलसर होतं. इथे कूट गुळाला धरून ठेवतो. त्यामुळे तव्यावर गूळ वाहत नाही, काठाला काचेसारखा जमत नाही. सारण भुसभुशीत राहतं आणि जिभेवर विरघळतं. ताजी पोळी मऊ लागते, दुसऱ्या दिवशी खुसखुशीत होते. पापडासारखी कडकडीत ती कधीच होत नाही, आणि व्हायलाही नको. शेंगापोळी मोडताना ‘कट’ असा आवाज आला तर समजा, गूळ जास्त आहे.

पद्धतही त्यामुळेच वेगळी पडते. शेंगापोळी पुरणपोळीसारखी उंडा भरून करतात. सारण पुरणाइतकं ओलं नसतं म्हणून ते उंड्यात, म्हणजे कणकेच्या गोळ्यात, दाबून भरावं लागतं आणि हलक्या हाताने लाटावं लागतं.

आता चांगली पोळी कशी ओळखायची ते. दुकानाचं नाव विचारू नका, कारण बरीचशी चांगली पोळी बायका घरगुती उद्योगात आणि बचत गटांत करतात. शेंगाचटणी आणि कडक भाकरी जिथे मिळते, तिथे शेजारीच ती ठेवलेली असते. एक पोळी घ्या, तिथेच मोडा आणि मोडलेल्या कडेकडे बघा. सारणाचा थर काठापर्यंत एकसारखा पोचलेला हवा. दाण्याचे बारीक कण डोळ्यांना दिसायला हवेत. सगळं पिठासारखं एकजीव दिसलं तर दाणे मिक्सरमध्ये जास्त फिरवले गेलेत. अशात तेल जास्त सुटतं, सारणाचा गोळा होतो आणि पोळीवर तेलकट डाग उमटतात. काही ठिकाणी सारण सोपं भरता यावं म्हणून पाण्याचा हात लावतात. ती पोळी पहिल्या दिवशी छान लागते आणि लवकर बुरसते. प्रवासाला न्यायची असेल तर हे विचारूनच घ्या.

मग वास घ्या. यात तडजोड नाही. दाणे कमी भाजले असतील तर कच्चट वास येतो, जास्त भाजले असतील तर शेवटी कडवट लागतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे खवटपणा. शेंगदाण्याचं तेल जुनं झालं की खवट होतं, आणि वेलची-जायफळ कितीही घातलं तरी तो लपत नाही. एका दुकानात मला भर मे महिन्यात ‘आजच केलेली’ म्हणून बांधून दिलेली पोळी पुडकं उघडताच खवट निघाली. पोळी आजची असेलही. दाणे आजचे नव्हते.

म्हणून मोसमाला महत्त्व आहे. खरिपाच्या शेंगा दिवाळीच्या आगेमागे निघतात. मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला शेतात मिश्र भाज्यांची भज्जी, आंबील, ज्वारी-बाजरीचे उंडे यांच्याबरोबर शेंगापोळी होते ती नव्या दाण्याची. पाठोपाठ संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा येते, नंदीध्वज निघतात, गाव पाहुण्यांनी भरतं. शेंगापोळीसाठीच यायचं असेल तर या दोन महिन्यांत या. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा नाइलाज असेल तरच घ्या, आणि घेतलीच तर थोडी घ्या.

संक्रांतीला दोन्ही पोळ्या एका ताटात येतात आणि घोळ तिथेच सुरू होतो, हे मला मान्य आहे. पण तीळ आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे. शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीज काळानंतर इकडे रुजलेला. म्हणजे शेंगापोळी वयाने लहान आहे. वयाने लहान म्हणून ती गुळपोळीची नक्कल ठरत नाही. आमच्याकडे आणि पलीकडे विजापूर-कलबुर्गीकडे या काळ्या रानात, या कोरड्या हवेत ती स्वतःच्या पायावर उभी राहिली आहे.

हल्ली खवा घातलेली, साखरेची, चॉकलेटची शेंगापोळीही दिसते. मला ती मंजूर नाही. साखरेने भुसभुशीतपणा जातो आणि खव्याने टिकाऊपणा जातो.

खायची कशी, तर वर साजूक तूप, नाहीतर वाटीभर कोमट दूध. गुळपोळीसारखी नुसती कुरतडत बसू नका. घरी नेल्यावर मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, कडा चिवट होतात. तव्यावर अगदी मंद आचेवर क्षणभर टेकवा. बांधताना प्लॅस्टिकच्या पिशवीत गरम गरम कोंबू देऊ नका. वाफ धरली की पोळी संपली. गार होऊ द्या, कागदात एकेक घडी न करता रचा आणि डब्यात आडवी ठेवा. हिवाळ्यात आठ-दहा दिवस तिला काही होत नाही.